टेबलावरचं रणांगण: वॉरगेमसाठी घरी टेरेन बनवताना

वॉरगेम म्हणजे छोट्या सैनिकांनी टेबलावर खेळायची लढाई, आणि टेरेन म्हणजे त्या टेबलावर मांडायचा प्रदेश. चार फूट बाय चार फूट टेबलाचं टेरेन नुकतंच पूर्ण झालं: दोन टेकड्या, तीन पडक्या इमारती, पाच तुकड्यांची नदी, एक पूल, एक रान आणि दगडी कुंपणं. सगळं २८ मिमीच्या मिनिएचरसाठी, म्हणजे खेळातल्या छोट्या सैनिकांसाठी. नोव्हेंबरात कामाला हात घातला आणि नदीच्या पाण्यासाठीचं शेवटचं रेझिन फेब्रुवारीत ओतलं. यातला बराचसा काळ वस्तू वाळण्यातच गेला. तो वेळ धरूनच बेत आखला तर काम निवांत होतं. घाई केली की गोंद आतून ओला राहतो, पाया वाकतो, फोम विरघळतो. म्हणून इथे सगळं ज्या क्रमाने केलं त्याच क्रमाने लिहितो आहे.

पहिला आठवडा कागद, पट्टी आणि जुनी खोकी एवढ्यावरच काढला. २८ मिमी हे माप बहुतेक ठिकाणी पायापासून डोळ्यांपर्यंत धरतात, आणि प्रमाण साधारण १:५६ पडतं. पण खऱ्या घराची मापं ५६ने भागून टेरेन बनवलं तर ते खेळायला कुचकामी ठरतं. ९० सेंमीचा दरवाजा भागाकाराने १६ मिमी होतो आणि सैनिक ज्या चकतीवर उभा असतो तो गोल बेस असतो २५ किंवा ३२ मिमीचा. म्हणून दरवाजे ४० मिमी उंच आणि ३५ मिमी रुंद ठेवले. मजल्याची उंची ७५ मिमी धरली, कारण त्याहून कमी उंचीत बोटं घालून मिनिएचर उचलता येत नाही. खिडकीची कड जमिनीपासून २० मिमीवर ठेवली. बेससकट सैनिकाचे डोळे ३१-३२ मिमीवर येतात, त्यामुळे तो बाहेर पाहू शकतो आणि छातीपर्यंत आडोसाही मिळतो. रस्ता ८० मिमी. शर्मन रणगाडा या प्रमाणात सुमारे १०५ मिमी लांब आणि ४७ मिमी रुंद होतो, तेव्हा दोन इमारतींमध्ये निदान १०० मिमी मोकळी जागा हवी, नाहीतर त्याला वळताच येत नाही.

मग खोक्यांच्या पुठ्ठ्यातून प्रत्येक तुकड्याचा नुसता आकार कापला, टेबलावर मांडला आणि तसाच एक डाव खेळून पाहिला. हे अजिबात टाळू नका. टेकडी कुठे आड येते, कोणत्या कोपऱ्यातून सगळं मैदान मोकळं दिसतं, नदीमुळे अर्धी फौज कशी अडकून पडते, हे सारं फोमला सुरी लागण्याआधी कळतं. टेरेन पुरेसं आहे का हे पाहायची सोपी रीत अशी: टेबलाच्या चौथ्या हिश्शात, म्हणजे इथे २४ इंच बाय २४ इंचाच्या चौकोनात, सगळे तुकडे दाटीने रचा. चौकोन भरला तर बहुतेक खेळांना तेवढं पुरतं. बंदुकांचा पल्ला लांब असलेल्या खेळात तिसरा हिस्सा भरेल एवढं ठेवावं.

सामानात एक्सपीएस (एक्सट्रूडेड पॉलिस्टायरीन) फोमची २५ मिमी जाडीची, १२० बाय ६० सेंमीची एक शीट, तुकड्यांच्या तळाच्या पायांसाठी ३ मिमी एमडीएफ (लाकडाच्या तंतूंची दाबलेली फळी), नदीसाठी ३ मिमी सनबोर्ड, एक किलो पांढरा गोंद (म्हणजे पीव्हीए), एक किलो वॉल पुट्टी, बारीक आणि जाड अशी दोन प्रकारची धुऊन वाळवलेली वाळू, काळा, गडद तपकिरी, पिवळी माती, राखाडी आणि पांढरा असे पाच ॲक्रिलिक रंग, मॅट वार्निश, २ आणि ४ मिमीचं स्टॅटिक ग्रास (विद्युतभाराने उभं राहणारं नकली गवत) आणि नदीसाठी इपॉक्सी रेझिन. खर्चाचा मोठा वाटा शेवटच्या दोन गोष्टींचा. हात आखडता घ्यायचा असेल तर नदी पुढच्या खेपेला ठेवा. फोम, गोंद आणि वाळू यांत काटकसर करण्यासारखं फारसं काही नाही.

फोमबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. नेहमीचा पांढरा थर्माकोल दाण्यांचा बनलेला असतो. सुरीने कापला की दाणे सुटतात, कड खडबडीत होते आणि त्यावर दगडांच्या रेषा उमटत नाहीत. एक्सपीएसची घडण एकसंध आणि बंद पेशींची असते. बॉलपेन दाबलं तरी स्वच्छ रेघ उठते आणि तशीच राहते. छपरातून आणि भिंतींतून उष्णता आत-बाहेर जाऊ नये म्हणून लावतात तीच ही शीट, बहुधा निळी किंवा गुलाबी. मात्र दोन्ही फोम पॉलिस्टायरीनचेच, त्यामुळे दोघांचा शत्रू एकच: ॲसिटोन, टोल्यूईनसारखी द्रावकं. स्प्रे पेंटच्या बहुतेक डब्यांत ती असतात. उघड्या फोमवर फवारा बसला की पृष्ठभाग खचतो आणि चाळणीसारखा होतो. या एका गोष्टीमुळे पुढचा सगळा क्रम ठरतो.

पाये आधी कापले. मोठ्या टेकडीचा पाया ३० बाय २२ सेंमी, धाकटीचा २२ बाय १८. कडा कानसने ४५ अंशांत उतरवल्या, म्हणजे तुकडा टेबलावर ताटलीसारखा उठून दिसत नाही. एमडीएफचा स्वभाव असा की एका बाजूला ओला गोंद लागला की ती बाजू फुगते, वाळताना आकसते आणि फळी वाकते. उपाय सोपा आहे. गोंदकाम सुरू करण्याआधी दोन्ही बाजूंना आणि कडांना रंगाचा पातळ हात द्यायचा, वाळू द्यायचं आणि मगच पुढे जायचं. थोडी वाकलेली फळी उलट्या बाजूला ओलसर फडकं फिरवून रात्रभर वजनाखाली ठेवली तर बरीचशी सरळ होते. नदीला एमडीएफ वापरलंच नाही. सनबोर्ड पीव्हीसीचा असतो आणि पाणी पीत नाही.

फोम कापायला १८ मिमीची मोडत्या पात्याची सुरी पुरते. पातं पूर्ण बाहेर काढायचं, शीटला शक्य तितकं आडवं धरायचं आणि एका दमात न कापता तीन-चार हलक्या फेऱ्यांत कापायचं. फोम फाटल्यासारखा निघू लागला की पातं बोथट झालं समजा आणि लगेच टोक मोडा. या कामात पाती खूप लागतात. गरम तारेचं कटर असेल तर टेकडीचे उतार फार सुंदर निघतात. तार फोममधून सावकाश, आपल्या वजनाने सरकली पाहिजे. धूर दिसला तर ती गरजेपेक्षा जास्त तापलेली आहे. खिडकी उघडी आणि पंखा चालू, हे दोन्ही हवंच. पॉलिश पेपरने घासताना मास्क लावा, ती भुकटी फार बारीक असते.

टेकडीचा उतार किती ठेवायचा, यावर खेळाडूंचे तट पडतात. खरा दिसणारा उतार हवा तर मिनिएचर घसरतात, त्यातही धातूची जास्तच. पायऱ्यांची टेकडी खेळायला उत्तम, पण ती केकसारखी दिसते. मोठ्या टेकडीला मधली वाट अशी काढली: २५ मिमीचे दोन थर, प्रत्येक थराच्या तीन बाजूंना ४५ मिमी लांबीत २५ मिमी चढणारा उतार (हा साधारण २९ अंशांचा होतो) आणि चौथ्या बाजूला उभा कडा. वरच्या थराभोवती ४० मिमीचा सपाट कट्टा सोडला, ३२ मिमीचा बेस तिथे नीट उभा राहतो. माथा पूर्ण सपाट ठेवला. फासे तिथे पडले तरी तिरपे राहत नाहीत.

थर चिकटवण्याची पायरी वाटते सोपी, पण सर्वांत जास्त टेरेन इथेच बिघडतं. पांढरा गोंद त्यातलं पाणी उडून गेलं की वाळतो. दोन मोठ्या एक्सपीएस तुकड्यांच्या मध्ये पाण्याला वाट नसते आणि बंद पेशींचा फोम ते शोषूनही घेत नाही. कडा घट्ट होतात, मधे गोंद कित्येक दिवस दह्यासारखा राहतो आणि कापताना थर सरकतो. त्यासाठी फोमला चालणारा, द्रावक नसलेला बांधकामाचा ॲडहेसिव्ह घ्या. डब्यावर पॉलिस्टायरीनला चालतो असं स्पष्ट लिहिलेलं असतं. पांढराच गोंद वापरायचा असेल तर दोन्ही पृष्ठभागांवर सुरीने आडव्या-उभ्या चिरा द्या, गोंद पातळ फासा, बांबूच्या काड्या दोन्ही थरांतून आरपार खुपसा आणि दोन दिवस वजनाखाली ठेवा. ग्लू गन हाताशी असतेच, पण तिचा कमी तापमानाचा प्रकारही १२० अंश सेल्सिअसच्या आसपास चालतो आणि पॉलिस्टायरीन १०० अंशांच्या जवळपास मऊ पडतं. पातळ भिंतीवर तो गोंद सोडला की खड्डा पडलाच.

पडक्या इमारतींच्या भिंती २५ मिमीच्या फोममधून १० मिमी जाड काढल्या. आकार एल. दोन बाजू उघड्या असल्या की हात आत जातो. दगडांच्या रेघा आधी सुरीच्या टोकाने हलक्या चिरायच्या, मिलिमीटरभर खोल, आणि मग त्याच चिरेतून बॉलपेन फिरवायचं. नुसतं पेन दाबलं तर फोम ओढला जातो आणि रेघेची कड गोल होते. आधीच्या चिरेमुळे ती धारदार राहते. दगड ८ ते १५ मिमीचे, आकारात जाणूनबुजून असमान, आणि उभे सांधे एकाखाली एक येऊ द्यायचे नाहीत. काही दगड बोटाने किंचित आत दाबायचे. सगळ्यात शेवटी ॲल्युमिनियम फॉइलचा चुरगळलेला बोळा भिंतभर दाबत फिरवायचा, की दगडाचा खरखरीतपणा येतो. हा बोळा म्हणजे या छंदातलं सर्वांत गुणी हत्यार. भिंतीचा वरचा मोडका भाग सुरीने न कापता सांध्यांच्या रेघांवरून हाताने मोडावा. कापलेली कड रंगवल्यावरही कापलेलीच दिसते. मोडताना निघालेले तुकडे जपून ठेवायचे, तेच भिंतीच्या पायाशी ढिगाऱ्यात कामी येतात. ढिगारा कोपऱ्यात लावा, मधली जमीन मोकळी राहू द्या. पूर्ण जमीन ढिगाऱ्याने भरलेली इमारत पाहायला छान असते, पण तिच्यात सैनिक उभा राहत नाही.

डिसेंबरचा उत्तरार्ध पुट्टी आणि वाळूचा. सांधे आणि कडे भरायला तीन भाग पुट्टी, एक भाग गोंद, थोडा तपकिरी रंग आणि लागेल तसं पाणी असं दाट मिश्रण केलं. गोंदामुळे पुट्टी ठिसूळ राहत नाही आणि रंग मिसळल्यामुळे पुढे टवका उडाला तरी आतून पांढरं दिसत नाही. एका वेळी ३ मिमीपेक्षा जाड थर दिला तर वाळताना भेगा पडतात. खोल जागा दोन-तीन थरांत भरा. त्यावर जमिनीच्या भागाला बिनपाण्याचा गोंद ब्रशने लावून आधी जाड वाळू तुरळक, मग बारीक वाळू भरपूर. एकाच जाडीची वाळू सगळीकडे टाकली तर जमीन पॉलिश पेपरसारखी दिसते. रात्रभर वाळल्यावर सुटी वाळू झटकायची आणि एकास एक पाणी घातलेला गोंद, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, ड्रॉपरने वाळूवर सोडायचा. त्या थेंबामुळे गोंद वाळूवर मण्यांसारखा उभा न राहता आत झिरपतो. पुन्हा पूर्ण २४ तास थांबायचं. ही दुसरी पायरी गाळली तर ड्रायब्रश करताना, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशने रंग देताना, वाळू ब्रशबरोबर निघून येते.

मग कवच. दोन भाग पांढरा गोंद, एक भाग काळा ॲक्रिलिक, थोडं पाणी. या मिश्रणाचे दोन हात सगळीकडे, दगडांच्या सांध्यांतही, दिले. यामुळे फोमला कातडी येते. नख लागलं तरी खळगा पडत नाही आणि थोड्याफार फवाऱ्यालाही तो तोंड देतो. दुसरा हात वाळला की तिरप्या उजेडात बॅटरी धरून तुकडा फिरवून पाहा. जिथे निळा किंवा गुलाबी ठिपका दिसेल तिथे पुन्हा ब्रश टेकवा. इतकं करूनही फोमवर स्प्रे पेंट मारायचं टाळलंच. ब्रशने वेळ जास्त लागतो, पण धास्ती राहत नाही.

रंगकामाची ज्यांना भीती वाटते त्यांनी इथे निर्धास्त व्हावं. टेरेनचा रंग म्हणजे गडदाकडून फिक्याकडे जाणारे तीन-चार थर. दगडांना आधी गडद राखाडी, सांधे काळे सोडून. मग काही दगडांना, दहातल्या दोन-तीनांना, तपकिरी किंवा पिवळ्या मातीची झाक. त्यावर वॉश: एक भाग गडद तपकिरी, आठ ते दहा भाग पाणी आणि थोडं मॅट मीडियम (रंगात मिसळायचं, चकाकी नसलेलं बिनरंगी माध्यम). वॉश सखल जागी साचतो आणि सावल्या आपोआप तयार होतात. तुकडा आडवा ठेवूनच वाळवा, उभा ठेवला तर ओघळ दिसतात. वॉश पूर्ण वाळल्यावरच ड्रायब्रश. रुंद, मऊ ब्रश रंगात टेकवायचा, कागदावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसायचा आणि उंचवट्यांवरून हलका फिरवायचा. आधी मध्यम राखाडी, शेवटी अगदी थोडी पांढरट झाक, फक्त वरच्या कडांना. जमिनीला गडद तपकिरी, मग पिवळी माती, मग मातीत पांढरा. सगळ्या तुकड्यांची जमीन एकाच बैठकीत, एकाच वाटीतल्या रंगाने करा. वेगवेगळ्या दिवशी कालवलेला तपकिरी कधीच तंतोतंत जुळत नाही आणि टेबलावर शेजारी ठेवले की तुकडे परके वाटतात. रंगांची प्रमाणं वहीत लिहून ठेवली आणि प्रत्येक मिश्रणाचा एक ठिपका पुठ्ठ्यावर वाळवून त्याच पानाला चिकटवला.

यानंतर मॅट वार्निश, तेही गवताआधी. पाण्यावर चालणारं वार्निश ब्रशने दोन हात. फवाऱ्याचं वार्निश दमट हवेत मारलं तर पांढुरकं धुकं धरतं आणि फोमची एखादी जागा उघडी राहिली असेल तर तिथे पोखरतं.

स्टॅटिक ग्रासच्या यंत्राची एक तार ओल्या गोंदात रोवलेल्या खिळ्याला जोडायची आणि यंत्राची गवत भरलेली जाळी पृष्ठभागापासून दोन-तीन सेंटिमीटर वर धरून हलवायची. विद्युतभारामुळे तंतू उभे राहतात. गोंदावर साय धरण्याआधी हे व्हायला हवं, म्हणून एका वेळी तळहाताएवढ्याच जागेला गोंद लावा. दमट दिवशी भार टिकत नाही आणि गवत आडवं पडतं. तशा दिवशी दुसरं काम काढावं. २ मिमी सगळीकडे विरळ, ४ मिमी पुंजक्यांत, दोन-तीन छटा मिसळून. पाऊलवाटा, उताराच्या कडा आणि दारांसमोरची जागा उघडी मातीच राहू द्या. लगेच तुकडा उलटा करून टिचकी मारली की जास्तीचं गवत कागदावर पडतं आणि परत वापरता येतं. यंत्र नसेल तर रंगात घोळवून वाळवलेला लाकडाचा भुसा चांगलं काम देतो. जुन्या मैदानांना तोच असायचा.

झाडं: बारीक तारांचे बारा-सोळा पदर एकत्र पिळून खोड, वर फांद्या फोडून, त्यावर गोंद-पुट्टीचा लेप. पानांसाठी अंघोळीचा स्पंज मिक्सरमध्ये बारीक करून हिरव्या रंगात मळून वाळवायचा. हा मिक्सर पुन्हा खाण्यासाठी वापरायचा नाही. प्रत्येक झाड स्वतंत्र गोल बेसवर, तळाशी लोखंडी वॉशर चिकटवून, आणि रानाचा पाया वेगळा, सपाट. सैनिक आत शिरले की झाडं उचलून बाजूला ठेवता येतात आणि रानाची हद्द पायावरून कळते. पायाला पक्की झाडं लावलेलं रान दिसायला चांगलं, पण दुसऱ्याच फेरीत अडचण होतं.

नदीला जानेवारी पूर्ण लागला. सुटे तुकडे हवे तसे जोडून प्रदेश मांडायची कल्पना जुनी आहे. गेऑर्ग लिओपोल्ड फॉन राइसविट्झ यांनी १८१२ साली प्रशियाच्या राजाला दिलेल्या युद्धखेळाच्या टेबलावर जमिनीचे असेच सुटे चौकोन होते. पुढे १८२४ साली त्यांच्या मुलाने खेळ १:८००० प्रमाणाच्या नकाशांवर नेला. सुट्या तुकड्यांचं सारं यश टोकं जुळण्यावर असतं. म्हणून जाड पुठ्ठ्याचा एक साचा कापला: एकूण रुंदी १२ सेंमी, मधलं पाणी ७५ मिमी, दोन्ही काठ ५-६ मिमी उंच. ३० सेंमीच्या प्रत्येक तुकड्याची दोन्ही टोकं याच साच्याने आखली, मधे वळण कसंही असो. असे पाच तुकडे वळणांसकट टेबल ओलांडतात. काठ पुट्टीचे, तळ मधे गडद हिरवट तपकिरी आणि काठाकडे फिका. नदी खोल वाटते ती या रंगामुळे, रेझिनच्या जाडीमुळे नाही.

रेझिन इपॉक्सीच घ्या. पॉलिएस्टर रेझिनमध्ये स्टायरीन असतं आणि ते फोमला खातं. तळाचा रंग दोन दिवस वाळू दिला, कारण ओलावा राहिला तर रेझिन ढगाळतं. टोकांना टेप घट्ट लावून आतल्या कडेने वार्निशचा एक हात फिरवला, म्हणजे गळती होत नाही. बाटलीवर लिहिलेलं प्रमाण वजनाचं आहे की आकारमानाचं ते नीट वाचा. यात गफलत झाली तर रेझिन कायम चिकट राहतं. सावकाश ढवळा, दुसऱ्या कपात ओतून पुन्हा ढवळा, कारण पहिल्या कपाच्या कडांना न मिसळलेलं रेझिन राहतं. थर ३ मिमीपेक्षा जाड नको. जाड थर घट्ट होताना तापतो. बुडबुडे टाचणीने फोडले, वरून खोकं झाकलं आणि तुकडे अगदी सपाट जागी २४ तास सोडले. रेझिन काठावर थोडं चढतं आणि ओली चकाकणारी रेघ राहते. ती मॅट वार्निश आणि बारीक वाळूने झाकता येते. हातमोजे आणि मोकळी हवा विसरू नका.

पहिल्या डावाआधी समोरच्या खेळाडूबरोबर प्रत्येक तुकड्याचे नियम ठरवून कागदावर लिहा: रानातून किती अंतरापर्यंत दिसतं, नदी कुठे ओलांडता येते, टेकडीचा कडा चढता येतो का, कुंपणाआडचा सैनिक आडोशात धरायचा का. तुकड्याची हद्द म्हणजे त्याच्या पायाची कड, हे एक वाक्य बरेच वाद वाचवतं. डाव संपल्यावर तुकडे खोक्यात ठेवताना नदी एकावर एक रचायची नाही. नवं रेझिन काही आठवडे दाबाने ठसे धरतं. मधे बटर पेपर घालून तुकडे उभे ठेवावेत. उरलेला तपकिरी रंग, थोडी वाळू आणि गवत एका छोट्या डब्यात बाजूला काढा. टवके टेकड्यांच्या कडांना सर्वांत आधी उडतात, आणि डब्यातला तोच रंग लावला तर दुरुस्ती ओळखू येत नाही.